जुन्या 407 वरचे फिरते घर: इंदूर-महेश्वर-मांडू ही पहिली सहल आणि नंतरचे आठ महिने

हा अनुभव आठ महिन्यांच्या आणि सुमारे 4,200 किलोमीटरच्या वापरानंतर लिहीत आहे. पहिल्या सहलीहून परतल्याच्या रात्रीच लिहायला बसलो असतो तर त्यात आनंदच अधिक उतरला असता. काय टिकले आणि काय पुन्हा करावे लागले, हे कळायला मध्ये एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळ्याचे पहिले काही आठवडे जावे लागले.

गाडी 1991 सालची टाटा 407, म्हणजे मालवाहू छोटा ट्रक आहे. हे मॉडेल 1986 मध्ये आले, तेव्हा कंपनीला सगळे टेल्को म्हणत असत. काकांच्या सियागंजातील दुकानाचा माल या गाडीने वीसएक वर्षे वाहिला आणि नंतर ती आवारात उभीच राहिली. लोक तिला ‘विंटेज’ म्हणतात ते ऐकायला मला आवडते, परंतु 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार तो दर्जा 50 वर्षांहून जुन्या खासगी वाहनांनाच मिळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, म्हणून परिवहन कार्यालयातील कागद आधी पूर्ण केले आणि मगच हौद्यावर खोली उभी केली. खोलीचा सांगाडा लोखंडी अँगलचा आहे, बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा, आतून मरीन प्लाय आणि दोहोंच्या मध्ये थर्मोकोल. झोपण्याची जागा चालकाच्या केबिनवर पुढे आलेल्या भागात आहे, मागच्या बाजूला ओटा, पाण्याची टाकी आणि दोन बाके.

निघण्यापूर्वी केलेले सर्वांत मोलाचे काम म्हणजे वजन. डिझेलची टाकी भरली, 60 लिटर पाणी घेतले, भांडी आणि अंथरुणे ठेवली, पत्नी, मुलगी आणि आई यांना जागेवर बसवले आणि तशी गाडी देवास नाक्याजवळच्या धर्मकाट्यावर (वाहने तोलण्याच्या काट्यावर) नेली. एकूण वजन नोंदणीपत्रातील मर्यादेच्या बरेच आत होते. परंतु नंतर केवळ मागची चाके काट्यावर उभी केली, तेव्हा मागच्या धुरीवर (अॅक्सलवर) अपेक्षेहून फार जास्त भार पडत असल्याचे दिसले. पाण्याची टाकी आणि ओटा दोन्ही मागच्या चाकांच्याही मागे बसवले होते, आणि तिथे ठेवलेला प्रत्येक किलो पुढची चाके थोडी हलकी करतो. त्यामुळे वळणावर गाडी झुलते आणि स्टिअरिंगची पकड सैल जाणवते. टाकी पुढे आणून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये बसवायला दोन दिवस गेले, म्हणून सहल पुढच्या आठवड्यावर ढकलली. मुलगी हिरमुसली, पण तो निर्णय योग्य होता असे आजही वाटते.

सहल नोव्हेंबरच्या अखेरीस झाली, एकूण सुमारे अडीचशे किलोमीटरची. महूपर्यंत रस्ता सपाट आहे. मानपूर ओलांडल्यावर माळव्याचे पठार संपू लागते आणि रस्ता निमाडात उतरतो. इंदूर आणि महेश्वर यांच्या उंचीत सुमारे चारशे मीटरचा फरक आहे. याच मार्गावरील गणपती घाट ब्रेक निकामी झालेल्या अवजड वाहनांच्या अपघातांमुळे वर्षानुवर्षे ओळखला जातो, म्हणून या उताराची मला खरी धास्ती होती. गाडीला चारही चाकांवर ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक सतत दाबून ठेवला की ड्रम तापतो, प्रसरण पावतो, त्यावर घासणाऱ्या लायनरची पकड सुटत जाते, आणि पॅडल कितीही दाबले तरी गाडी थांबेनाशी होते. शिवाय डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनाप्रमाणे आपोआप निर्वात (व्हॅक्यूम) मिळत नाही. ब्रेकला मदत करणारा निर्वात स्वतंत्र पंप तयार करतो, ज्याला गॅरेजमध्ये एक्झॉस्टर म्हणतात. इंजिन बंद झाले की ही मदत एक-दोन दाबांतच संपते, त्यामुळे डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची किंवा इंजिन बंद करण्याची जुनी सवय या गाडीत प्राणघातक आहे. गॅरेजच्या उस्तादांनी चारही चाकांचे सिलिंडर, रबरी होज आणि लायनर नवे घातले होते आणि ब्रेक ऑइल पूर्ण बदलले होते. आम्ही घाट सुरू होण्याआधीच दुसरा गिअर टाकला आणि तो तळापर्यंत बदलला नाही. इंजिनच गाडीला रोखत राहिले आणि ब्रेक मधूनमधून दाबून सोडावा लागला, इतकेच. मागून हॉर्न वाजत होते, त्यांना जाऊ दिले. खाली उतरल्यावर चाकांजवळ हात नेऊन पाहिला: ऊब होती, जळका वास नव्हता. त्या क्षणी या गाडीवर माझा विश्वास बसला.

महेश्वरला किल्ल्याजवळच्या गल्ल्या अरुंद आणि तारा खाली आलेल्या असल्याने गाडी गावाबाहेर उभी करून घाटावर चालत गेलो. अहिल्याबाईंच्या वाड्यासमोर आई बराच वेळ हात जोडून उभी राहिली. रात्रीचा स्वयंपाक खोलीत केला, त्यावरून एक सूचना आवर्जून देतो. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असतो आणि गळला तर जमिनीलगत साचतो, त्यामुळे केवळ छताजवळ जाळी ठेवून भागत नाही. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, थेट गाडीबाहेर उघडणारे भोक हवेच. आम्ही ते ठेवले होते आणि रात्री रेग्युलेटरही काढून ठेवत होतो.

दुसऱ्या दिवशी गुजरीच्या बाजूने मांडूकडे चढताना गाडी तापली. वेग ताशी वीसच्या आसपास, गिअर दुसरा, आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला. गाडी बाजूला घेऊन इंजिन तसेच हळू चालू ठेवले, रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही, आणि अर्ध्या तासाने पुढे निघालो. कारण घरी परतल्यावर सापडले. डेंटिंग-पेंटिंगच्या वेळी पंख्याभोवतीचे पत्र्याचे आवरण काढले होते आणि ते परत बसवलेच नव्हते. हे आवरण नसले की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी कडेची गरम हवाच पुन्हा ओढत राहतो. महामार्गावर वाऱ्याचा झोत हे झाकून टाकतो, चढावर मात्र उघडे पडते. चारशे रुपयांच्या त्या पत्र्याने पुढच्या सर्व चढांवरचा प्रश्न सोडवला. जोडणी सुरू होण्यापूर्वी काढलेल्या प्रत्येक भागाचा फोटो घ्यावा आणि तो परत बसला की यादीत खूण करावी. मी ते केले नव्हते.

मांडूची रात्र थंड होती. खुरासानी चिंचेच्या एका प्रचंड झाडाजवळ गाडी उभी केली होती आणि मुलीला त्या खोडाचा घेर मोजण्यातच जहाज महालाहून अधिक रस होता. सकाळी भिंतींवर दव दिसले, पण सगळीकडे नाही: नेमके लोखंडी अँगलच्या रेषांवर, जणू कोणी आतला सांगाडा पाण्याने रेखाटला होता. थर्मोकोल अँगलच्या मधल्या जागेत आहे, अँगलवर नाही, म्हणून थंडी लोखंडातूनच आत येते. मे महिन्यात हात फिरवला तर त्याच रेषा चटका देत होत्या. ज्यांना अशी खोली बांधायची आहे त्यांनी सांगाड्याच्या आतून आणखी एक सलग थर द्यावा, मग जागा दोन बोटे कमी झाली तरी चालेल. आम्ही तूर्त छताची खिडकी रात्रभर थोडी उघडी ठेवतो. चौघांच्या श्वासाची वाफ बाहेर गेली की दव बरेच कमी होते.

विजेची तक्रार नाही. 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि छतावरील 160 वॅटचे पॅनल दिवे, पंखा आणि लहान फ्रिज यांना हिवाळ्यात पुरले. उन्हाळ्यात फ्रिज जवळपास अखंड चालू लागला, तेव्हा संध्याकाळी हिशेब ठेवावा लागला.

पावसाने मात्र आमची परीक्षा घेतली. पुढे आलेला भाग आणि पुढची भिंत यांच्या सांध्यातून पाणी आले आणि गादीचा एक कोपरा भिजला. तिथे सिलिकॉन भरले होते. चालत्या गाडीत हा सांधा सतत हलतो, सिलिकॉन कडेने सुटते, आणि जुन्या सिलिकॉनवर नवे नीट चिकटत नाही, त्यामुळे सगळे खरवडून काढावे लागले. आता तिथे ब्यूटाइल या चिकट रबराची पट्टी आणि तिच्यावर दाबपट्टी आहे, आणि गेल्या तीन मोठ्या पावसांत एक थेंबही आत आलेला नाही.

भरलेल्या गाडीला लिटरमागे सुमारे नऊ किलोमीटर मिळतात आणि ताशी 50 ते 55 हा तिचा सुखाचा वेग आहे. पॉवर स्टिअरिंग नसल्याने गावात वळवताना खांदे भरून येतात. घाई असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. पण माळव्याच्या रात्री, शब-ए-माळवा ज्याला म्हणतात तो गारवा, छताच्या खिडकीतून अंगावर घेत झोपायला मिळणे मला या सर्व खटाटोपाहून मोठे वाटते. पुढची सहल दसऱ्यानंतर बुऱ्हाणपूरची ठरली आहे. त्याआधी मागचे स्प्रिंगचे पाटे उतरवून तपासायचे आहेत आणि गाडी पुन्हा एकदा धर्मकाट्यावर न्यायची आहे.