नानाकाकांनी दिलेला हिशेब वहीच्या एका पानात मावला

आत्या दादरला राहायची. लग्न केलं नव्हतं. महापालिकेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं आणि मार्च 2014 मध्ये गेली. मागे दोन खोल्यांचा फ्लॅट, बँकेतल्या ठेवी आणि चार तोळ्यांच्या पाटल्या. मृत्युपत्र तिने शहाण्या माणसासारखं करून ठेवलं होतं: पाटल्या मला, आणि फ्लॅट विकून येणारे पैसे व ठेवी आम्हा चार भाचरांत सारख्या. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा, म्हणून नाव घातलं ते वडिलांच्या मावसभावाचं. नानाकाका. आमच्या घरात कुणाचं काही अडलं की पहिला फोन त्यांनाच जायचा.

त्याच जूनमध्ये ते सांगलीला आले, हातात प्लास्टिकची फाईल. कांदेपोहे झाल्यावर दोन कागद काढले. पहिला कन्सेंट अ‍ॅफिडेव्हिट, म्हणजे प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता) नानांना मिळायला आमची हरकत नाही असा. त्यासाठी दुसऱ्या दिवशी नोटरीकडे गेलो. दुसऱ्या कागदावर रेव्हेन्यू स्टॅम्प आधीच चिकटवलेला होता. ‘माझा हिस्सा मला पोचला, आता काही तक्रार नाही’ अशी पावती, तारखेची जागा कोरी. मी विचारलं, अजून तर काहीच मिळालं नाही. नाना हसून म्हणाले, “अगं, कोर्टाला फाईल पूर्ण लागते. पुन्हा पुन्हा सांगलीला खेपा कोण घालणार?” मी सही केली. शेजारी बसलेल्या माझ्या दोन्ही भावांनीही केली.

बेळगावच्या चुलतबहिणीने मात्र केली नाही. पहिल्या कागदावर केली, पावती परत पाठवली. ती गॅसच्या बिलाची मागची बाजूसुद्धा वाचते. नाना दुखावले आणि आम्ही सगळे तिच्यावर तुटून पडलो. थोरल्याने तर तिला फोनवर ‘आगाऊ’ म्हटलं.

ऑगस्ट 2016 मध्ये मुंबई हायकोर्टातून प्रोबेट मिळालं. नानांनी पेढे पाठवले. आम्हाला वाटलं, काम संपलं. कोर्टाचा शिक्का बसला म्हणजे कोर्ट आता नानांवर नजर ठेवेल, असंही कुठेतरी डोक्यात होतं. तसं काही नसतं. मृत्युपत्र खरं आहे आणि ते अमलात आणायचा अधिकार या माणसाला आहे, एवढंच प्रोबेट सांगतं. पुढे भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 317 प्रमाणे त्या माणसाने प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची आणि देण्या-घेण्याची यादी कोर्टात द्यायची असते आणि वर्षभरात जमाखर्चाचा हिशेब. आमच्या बाबतीत फेब्रुवारी आणि ऑगस्ट 2017. या तारखा आम्हाला पाच वर्षांनी, वकीलबाईंच्या तोंडून कळल्या. मधल्या काळात फोन केला की उत्तर ठरलेलं: “कोर्टाचं काम आहे बाळा, वेळ लागतो.” मे 2017 मध्ये माझा थोरला भाऊ गेला. तेव्हा नाना तेरा दिवस आमच्याकडे होते. त्यांना हिशेब मागायचा विषय कोण काढणार?

उलगडा 2021 मध्ये झाला, तोही बेळगावहून. बहिणीच्या मुलाने नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर फ्लॅटची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा, काढली आणि मला फोनवर पाठवली. अर्ध्या पानाचा मराठी कागद. विलेखाचा प्रकार: विक्री करारनामा. वर्ष 2018. मोबदला 65 लाख. त्याच्याच खाली बाजारभाव: 1 कोटी 14 लाख. लिहून देणारे नाना, आत्याच्या इस्टेटीचे एक्झिक्युटर म्हणून. लिहून घेणाऱ्याचं नाव वाचलं आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नानांचा जावई. सरकारचं मुद्रांक शुल्क मात्र कायद्याप्रमाणे चढ्या आकड्यावर, बाजारभावावर भरलेलं. तेवढी एकच गोष्ट त्या व्यवहारात चोख होती. आणखी शोधलं तर विक्रीच्या आधीचा लिव्ह अँड लायसन्स करारही सापडला. दोन वर्षं, महिना 28 हजार भाडं. म्हणजे 6 लाख 72 हजार, ज्यांचा आम्हाला पत्ताच नव्हता.

वकीलबाईंनी पहिल्यांदा फक्त नोटीस पाठवून हिशेब मागितला. आला तो वहीच्या एका रेघी पानावर, नानांच्या सुंदर अक्षरात. वर ‘श्री’. विक्री 65 लाख. वजा: आत्याचं कर्ज फेडलं 22 लाख, दुरुस्ती 9 लाख, कोर्ट व वकील 11 लाख, माझा मेहनताना 6 लाख, चहापाणी 38 हजार. बाकी 16 लाख 62 हजार, ‘चौघांस पोच’. आत्याने उभ्या आयुष्यात वाण्याकडे उधारी ठेवली नाही, तिचं 22 लाखांचं कर्ज! प्रोबेटची कोर्ट फी तेव्हा जास्तीत जास्त 75 हजार होती. मेहनतान्याचा मृत्युपत्रात शब्द नाही. भाडं नाही, पाटल्या नाहीत, ठेवी नाहीत. ठेवींबद्दल विचारलं तर म्हणाले, “त्यावर नॉमिनी मी आहे, त्या माझ्याच.”

हे वाक्य बऱ्याच घरांत ऐकू येतं, म्हणून लिहिते. नॉमिनीच्या हातात पैसे दिले की बँक मोकळी होते, इतकाच नॉमिनेशनचा अर्थ. पैसे वारसांचेच राहतात. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये तेच सांगितलं. जावयाच्या खरेदीसाठी त्याच उत्तराधिकार कायद्याचं कलम 310 आहे: एक्झिक्युटरने सरळ किंवा आडून स्वतःच इस्टेटीतली वस्तू घेतली, तर हितसंबंध असलेला माणूस ती विक्री रद्द करून मागू शकतो. पण मुदती असतात. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत इंडेक्स टू हाती आल्याची तारीख लिहून घेतली आणि सांगितलं, कळल्यापासून तीन वर्षं धरा, एक दिवसही वाया घालवू नका.

मे 2022 मध्ये आम्ही हायकोर्टात गेलो: नानांना दूर करा, हिशेब घ्या, विक्री रद्द करा. अजून तारखा चालू आहेत. नाना आता ऐंशीचे आहेत, कोर्टाच्या जिन्यात धापा टाकतात, आणि माझ्या तोंडून अजूनही त्यांच्याबद्दल अहो-जाहोच निघतं.

मध्यंतरी धाकटा भाऊ म्हणाला, डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं कलम 213 काढलं, आता मुंबईत मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं नाही, लोक सुटले. खेपा वाचतील, खरं आहे. पण सहा महिन्यांची नि वर्षाची ती मुदत प्रोबेटच्या दिवसापासून मोजतात. प्रोबेटच घेतलं नाही तर मोजायला सुरुवात कुठून करायची? त्याने यावर मान हलवली आणि चहा मागितला.

गेल्या तारखेला नानांच्या वकिलांनी त्या पावत्या पुढे केल्या. तीन. कोऱ्या जागी तारीख घातलेली, तिन्हींवर एकच: 12 जानेवारी 2019. माझी सही माझीच आहे, नाकारणार कशी? वकीलबाईंनी माझी बाजूला ठेवली, धाकट्याची ठेवली आणि तिसरी उचलली. ती थोरल्याची होती. मग पिशवीतून त्याचा मृत्यूचा दाखला काढला.