लीग पास पैसे वसूल आहे का? माझं उत्तर एका डिफेंडरवरून

एनबीए लीग पास, म्हणजे अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या मॅच पैसे भरून ऑनलाइन बघायची सोय, तिचा एक पूर्ण सीझन बघून झाला म्हणून लिहितोय. सरळ सांगतो, तुम्हाला फक्त डंक आणि लांबचे थ्री बघायचे असतील तर घेऊ नका, यूट्यूबवर ते फुकट मिळतं आणि तेवढ्याने पोट भरतं. मी वेगळ्याच कारणासाठी घेतला. डिसेंबर २०२४ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरने अ‍ॅलेक्स करूसो या त्यांच्या डिफेंडरचं कॉन्ट्रॅक्ट ४ वर्षांनी वाढवलं, ८ कोटी १० लाख डॉलर, आणि आमच्या ग्रुपवर एकच कल्ला झाला की अरे हा माणूस बेंचवरून येतो, मॅचला सात पॉइंट करतो, याला वर्षाला २ कोटी डॉलर कशाला? मी त्याच्या बाजूने तावातावाने भांडत होतो पण माझ्याकडेही बघायला हायलाइटच होते, आणि डिफेन्स हायलाइटमध्ये दिसत नाही. जो पास आलाच नाही तो कोण दाखवणार?

लीग पासमध्ये पूर्ण मॅच नंतर कधीही लावता येते, थांबवून मागे नेता येते, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं. मॅच आपल्याकडे सकाळी, ऑफिसच्या घाईत असतात, मग मी स्कोअर लपवायचा ऑप्शन चालू ठेवतो आणि संध्याकाळी जेवण झाल्यावर निवांत बघतो. घाई असेल तर कंडेन्स्ड, म्हणजे कापून छोटी केलेली मॅच आहे. रेग्युलर सीझनला कुठल्या टीमची कॉमेंट्री ऐकायची तेही निवडता येतं, मी मुद्दाम समोरच्या टीमची लावतो, कारण आपला डिफेंडर किती त्रास देतोय हे त्यांच्या आवाजात आधी कळतं.

आता ज्या एका मॅचने माझे पैसे वसूल झाले ती सांगतो. मे २०२५, प्लेऑफमध्ये डेन्व्हरविरुद्ध गेम ७, म्हणजे सीरिजची शेवटची, जिंकेल तो पुढे अशी मॅच. पहिल्या क्वार्टरला डेन्व्हर पुढे होतं. मग थंडरने करूसोला निकोला योकिचवर, डेन्व्हरच्या स्टार सेंटरवर (बास्केटजवळ खेळणारा उंच माणूस), सोडलं. करूसो ६ फूट ५ इंच, योकिच ६ फूट ११ इंच आणि वजनाने कितीतरी जास्त, कागदावर वेडेपणाच. मी ते पझेशन, म्हणजे डेन्व्हरकडे बॉल असतानाचे डाव, परत परत लावून बघितले. करूसो त्याच्या मागे उभाच राहत नाही, पुढे येतो, कंबर खाली, एक हात योकिचच्या अंगाला टेकलेला आणि दुसरा पासच्या रस्त्यात, आणि त्याच्या डोक्यावरून बॉल टाकायचा तर मागे थंडरचा उंच माणूस टपलेलाच. योकिच हात वर करून बॉल मागतोय, बॉल आणणारा गार्ड बघतोय, थांबतोय, शेवटी दुसरीकडे देतोय, तोवर शॉट क्लॉकचे, म्हणजे शॉट मारायला मिळणाऱ्या वेळेचे, कितीतरी सेकंद गेलेले. बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात, याची नोंद शून्य. पण करूसो कोर्टवर असताना थंडरने डेन्व्हरपेक्षा ४० पॉइंट जास्त केले, मॅच १२५-९३ जिंकली आणि पुढे फायनलमध्ये इंडियानाला हरवून चॅम्पियनही झाले. आमचे जिमखान्यातले सर रोज ओरडायचे, 'बॉलकडे नको, कंबरेकडे बघ', ते मला इतक्या वर्षांनी त्या रात्री नीट समजलं.

मग अशा माणसाला द्यायचे किती? माझं मत असं की डॉलरचा आकडा बघूच नये, सॅलरी कॅपचा, म्हणजे टीमच्या एकूण पगारांसाठी लीगने ठरवलेल्या मर्यादेचा, किती टक्का जातो ते बघावं. २०२१ मध्ये शिकागोने करूसोला ४ वर्षांचे साधारण ३ कोटी ७० लाख दिले तेव्हा कॅप ११.२४ कोटी होती, म्हणजे वर्षाला जेमतेम ८ टक्के, आणि त्या पैशात त्यांना २०२३ चा ऑल-डिफेन्सिव्ह फर्स्ट टीमचा, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम पाच डिफेंडरांतला, खेळाडू मिळाला. त्याच्या आधीच्या टीमने, लेकर्सने, त्याला तेव्हा का जाऊ दिलं हे मला आजही पटत नाही, २०२० चं टायटल जिंकलं त्या शेवटच्या मॅचला तो त्यांच्या स्टार्टिंग पाचमध्ये होता. थंडरच्या नव्या कॉन्ट्रॅक्टचं पहिलं वर्ष १२ टक्क्यांच्या आसपास जातं. महाग आहे, पण माझ्या मते फक्त डिफेन्ससाठी कुणाला पैसे द्यायचे तर हीच वरची हद्द, आणि तीही दोन गोष्टी असतील तरच. एक, तो गार्डपासून सेंटरपर्यंत कुणालाही अडवू शकला पाहिजे. दोन, समोरच्यांनी त्याला मोकळा सोडला तर त्याने पॉइंट करून शिक्षा दिली पाहिजे.

ही दुसरी अट किती महाग पडते ते याच थंडरने भोगलंय. आंद्रे रॉबरसन आठवतोय का, २०१७ चा ऑल-डिफेन्सिव्ह सेकंड टीमवाला, जबरदस्त डिफेंडर. त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये याचे फ्री थ्रो पडत नाहीत म्हणून ह्यूस्टनने त्याला मुद्दाम फाउल करायला सुरुवात केली, आणि गेम ४ मध्ये बिचाऱ्याचे १२ पैकी २ फ्री थ्रो पडले, आख्ख्या सीरिजमध्ये २१ पैकी ३. बघताना जीव तुटतो. तरी त्याच उन्हाळ्यात त्याला ३ वर्षांचे ३ कोटी मिळाले, म्हणजे कॅपचे ९-१० टक्के, आणि पुढच्याच जानेवारीत गुडघा गेला. दुखापतीचा दोष कुणाला देणार, पण शूटिंगची भीती तर आधीच डोळ्यासमोर होती. करूसोने शिकागोतल्या शेवटच्या सीझनला ४० टक्क्यांवर थ्री मारलेत आणि २०२५ च्या फायनलमध्ये दोनदा २०-२० पॉइंट केलेत, त्याला मोकळा सोडायची हिंमत कोण करणार? माझ्या हिशोबात ८ टक्केवाला डिफेंडर आणि १२ टक्केवाला डिफेंडर यातला फरक हाच आहे.

करूसोबद्दल मला काळजी एकच वाटते, वयाची. फेब्रुवारी १९९४ चा जन्म, म्हणजे हे कॉन्ट्रॅक्ट संपेल तेव्हा पस्तिशीत. २०२४-२५ मध्ये थंडरने त्याला ५४ मॅच आणि मॅचला १९ मिनिटंच खेळवलं, जपून वापरलं, ते बरोबरच केलं असं मी म्हणेन. त्यात जुलै २०२५ मध्ये शाय, जेलन विल्यम्स आणि चेट या थंडरच्या तिन्ही स्टार खेळाडूंची प्रचंड मोठी कॉन्ट्रॅक्ट झालीत, ती सुरू झाली की एकेक डॉलरची ओढाताण होणार.

मी लीग पास रिन्यू करतोय. करूसोची बॅक-टू-बॅकमधली, म्हणजे लागोपाठच्या दोन दिवसांतली, दुसरी मॅच लागली की चौथ्या क्वार्टरला बॉल सोडून त्याचे पाय बघत बसणार आहे, स्क्रीनवरून, म्हणजे वाटेत आडव्या उभ्या राहिलेल्या खेळाडूला चुकवून, सुटताना अर्धं पाऊल मागे पडतोय का ते.