टाय-बेल्टचा थाट, साधा गणवेश की घरचे कपडे? हात वर करण्याआधी एवढं बघा

जुलैतला सोमवार. प्रार्थनेची घंटा झालेली आणि गेटजवळ सात मुलं रांगेत उभी. दोघांचे मोजे पांढऱ्याचे राखाडी झालेले, एकाला बेल्ट नाही, तिघांच्या पायांत काळ्या बुटांऐवजी रबरी सँडल आणि सातव्याचा शर्ट पिवळट. त्यांच्या डायरीत शेरे लिहायला मी खाली, आणि वरच्या मजल्यावर माझा अख्खा वर्ग शिक्षकाविना. या सातांनी कुणाला मारलं नव्हतं की कॉपी केली नव्हती. रविवारभर पाऊस होता आणि घरात कपडे वाळले नव्हते, एवढंच.

गणवेशाने शिस्त येते का, असं कुणी विचारलं की मला ही रांग दिसते. बावीस वर्षं मी गोव्यात माध्यमिक शाळांत शिकवलं. आता डिचोलीच्या बाजूला राहणारी माझी भाची एका पालक-शिक्षक संघात आहे आणि तिथे गणवेश बदलायचा विषय निघालाय. "मावशी, आमच्यात दोन तट पडलेत, तू काय म्हणतेस?" म्हणून तिचा फोन आला. तिला सांगितलं तेच इथे मांडते.

त्यांच्यापुढे तीन पर्याय आहेत, आणि हात वर करून त्यातला एक निवडायचाय. पहिला पूर्ण थाटाचा: पांढरा शर्ट, पँट किंवा पिनाफोर, टाय, बेल्ट, बॅज, पांढरे मोजे, काळे बूट, शिवाय आठवड्यातून दोनदा पी.टी.चा पांढरा वेष. दुसरा साधा: एका ठरलेल्या रंगाचा कॉलरवाला शर्ट, खाली गडद पँट, सलवार किंवा स्कर्ट, कुठल्याही दुकानातून घ्या. तिसरा म्हणजे घरचेच कपडे, चार नियम घालून.

शिस्तीचा हिशेब

गणवेशवाले नेहमी अमेरिकेचा दाखला देतात. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या सरकारी शाळांनी 1994 मध्ये आठवीपर्यंत गणवेश सक्तीचा केला, मारामाऱ्या कमी झाल्याचं जाहीर झालं, आणि 1996 मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी संसदेपुढच्या भाषणात गणवेशाची बाजू घेतली. पण लाँग बीचमध्ये त्याच काळात इतर सुधारणाही चालू होत्या. श्रेय कशाचं हे वेगळं काढता येत नव्हतं. पुढे 1998 मध्ये ब्रन्समा आणि रॉकमोर या समाजशास्त्रज्ञांनी दहावीच्या मुलांच्या देशव्यापी नोंदी तपासल्या. हजेरी, वर्तन, व्यसन यांपैकी कशावरही गणवेशाचा थेट परिणाम त्यांना सापडला नाही.

माझा अनुभव त्याला धरूनच आहे, पण एक फरक करून. गेटच्या आत गणवेश काही करत नाही. दंगा करणारा मुलगा टाय लावून दंगा करतो. वर टायच्या टोकाने पुढच्याच्या मानेला गुदगुल्याही करतो. गेटच्या बाहेर मात्र गणवेश फार कामाचा. आमच्याकडे चिऱ्यांच्या जुन्या खाणी पावसात तुडुंब भरतात आणि त्यात पोहायला गेलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या येत राहतात. सकाळी अकरा वाजता खाणीकडच्या पायवाटेवर शाळेचा शर्ट घातलेली चार पोरं दिसली, तर काजूच्या बागेत काम करणारी बाईसुद्धा हाक मारते आणि शाळेत फोन जातो. एकदा असा फोन मीच घेतला होता. बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, मुलं मोजून चढवणाऱ्या बाईला, कदंबच्या, म्हणजे सरकारी बसच्या, कंडक्टरला, नाक्यावरच्या दुकानदाराला मूल कुठल्या शाळेचं हे एका नजरेत कळतं.

आता हे ओळखायला काय लागलं? शर्टाचा रंग. टाय नाही, मोजे नाहीत. म्हणजे पहिला आणि दुसरा पर्याय इथे सारखेच ठरतात, तिसरा मागे पडतो.

उलट टाय, बेल्ट, बॅज, मोजे यांतली प्रत्येक वस्तू चुकण्याची एक नवी जागा तयार करते. सात वस्तूंचा गणवेश म्हणजे रोज सकाळी सात संभाव्य गुन्हे. मग ते पकडायला माणूस लागतो, आणि तो माणूस शिकवणारा असतो. मोज्यांसाठी मुलाला पहिल्या तासाला बाहेर उभं करायचं, हे तर शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमातही बसत नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही तिथे निषिद्ध आहेत.

पाऊस, तांबडी माती आणि कापड

बैठकांत या विषयाला पाच मिनिटंही मिळत नाहीत, आणि खरी गोम इथेच आहे. जून ते सप्टेंबर गोव्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पडवीत दोरीवर टाकलेली सुती पँट दोन दिवस ओली राहते. मग पंख्याखाली, मग फ्रीजच्या मागे, शेवटी दमट शर्टावरच इस्त्री. त्या वाफेचा कुबट वास पहिल्या तासाला वर्गभर असतो. ज्यांनी पावसाळ्यात शिकवलंय त्यांना तो सांगावा लागत नाही.

टेरीकॉट, म्हणजे साधारण दोन भाग पॉलिस्टर नि एक भाग सूत, लवकर वाळतं. पण त्यात घाम जिरत नाही, आणि 2025 मध्ये सहावीपासून वरच्या वर्गांचं नवं वर्ष 7 एप्रिललाच सुरू झालं, तेव्हा एप्रिलच्या उकाड्याचाही विचार हवा. माझं मत असं: पँटीला टेरीकॉट चालेल, शर्टाला सुताचं प्रमाण जास्त असलेलं पातळ कापड घ्या.

आणि पांढरा रंग नकोच. डिचोली-साखळीकडची तांबडी धूळ पांढऱ्यावर बसली की जात नाही. मळखाऊ फिकट निळा किंवा चौकडी घ्या. आयांचे रविवार वाचतील.

पांढऱ्याला माझा दुसरा आक्षेप आहे तो मुलींसाठी. आठवीपासून पुढच्या मुली पी.टी.च्या दिवशी जास्त गैरहजर असायच्या, हे हजेरीपट चाळताना फार उशिरा माझ्या ध्यानात आलं. कारण विचारलं तर "पोटात दुखत होतं." पांढऱ्या स्कर्टवर डाग पडण्याची धास्ती, दुसरं काही नाही. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वळयनचिरंगराच्या सरकारी प्राथमिक शाळेने 2018 मध्येच मुलामुलींना सारखाच शर्ट आणि गुडघ्याखाली जाणारी पँट दिली. आपल्याला तेवढंही नको असेल तर निदान गडद पँटीची मुभा सगळ्यांना द्या. फुटबॉल खेळणाऱ्या मुली लगेच घेतील.

पैसे

समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या आठवीपर्यंतच्या पात्र मुलांना वर्षाला दोन जोडांसाठी 600 रुपये धरलेत. कापड आणि शिलाई धरून तेवढ्यात दोन जोड होतात का, ते कुठल्याही शिंप्याला विचारा. अनुदानित शाळेत तर बहुतेक भार पालकांवरच. थाटाच्या गणवेशात खर्च कापडापेक्षा 'फक्त इथेच मिळेल' या वाक्यात असतो. मी होते त्या एका शाळेत शर्टाच्या खिशावर छापील बोधचिन्ह आलं आणि त्या दिवसापासून शर्ट एकाच दुकानात मिळू लागला. चिन्ह सुटं कापडी करून घरी शिवू द्या, असं मी सुचवलं; विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला आणि ती बैठक काही झाली नाही. इंग्लंडने 2021 मध्ये गणवेशाच्या खर्चावर कायदाच केला, त्याखाली निघालेल्या मार्गदर्शक सूचनांतही असे चिन्हांकित कपडे कमीत कमी ठेवण्यावर भर आहे.

सगळी खरेदी वरून एकगठ्ठा करायचा मोह असेल तर महाराष्ट्राकडे बघा. 'एक राज्य एक गणवेश' म्हणत 2024 मध्ये खरेदी राज्य पातळीवर नेली, गणवेश वेळेत पोहोचले नाहीत, आणि वर्षअखेरीस अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावे लागले.

मग घरचेच कपडे का नकोत?

फिनलंड, जर्मनीत सर्रास चालतात, आणि तिथली मुलं बिघडलेली नाहीत. पण आपल्या वर्गात वाढदिवसाला रंगीत कपडे घालून यायची मुभा असते, तो दिवस नीट बघा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला फ्रॉक कुठला आणि पणजीच्या शोरूममधला कुठला, हे तिसरीतल्या पोरींना आपल्याआधी कळतं. माझ्या वर्गातला एक मुलगा दरवर्षी वाढदिवसालाही गणवेशातच यायचा आणि "विसरलो" म्हणायचा. रोज वाढदिवस करून त्याचं भलं होणार नाही.

तेव्हा भाचीला म्हटलं, दुसऱ्या पर्यायाला हात वर कर. थाटवाल्यांचं बहुमत झालंच तर भांडणं दोनच गोष्टींवर ठेव: पावसाळ्याचे चार महिने बूट-मोज्यांची सक्ती नाही, आणि खिशावरचं चिन्ह सुटं. टायवर भांडू नकोस, ती हरवून हरवून आपोआप बंद होते.

आणि कापड पक्कं करण्याआधी त्याचा मीटरभर तुकडा आण. तांबड्या मातीत मळव, धू आणि पाऊस चालू असताना तुझ्या पडवीत रात्रभर टांग. सकाळी साडेसहाला हात लावून बघ आणि तो तुकडा तसाच बैठकीला घेऊन जा.