आठ महिने, दोन बाटल्या आणि निसटलेल्या चुका

मुद्रितशोधनाच्या कामात लक्ष किती टिकते हे पाहायला वेगळी चाचणी लागत नाही. पहिल्या वाचनात निसटलेल्या चुका दुसऱ्या वाचनात हाती लागतात आणि त्यांची संख्याच सगळे सांगते. दुपारी वाचलेल्या पानांत माझ्या अशा चुका सकाळच्या जवळजवळ दुप्पट असत, म्हणून गेल्या आठ महिन्यांत मी आधी कॅफीन व चहाच्या पानांत असणारे थिअनिन आणि नंतर ब्राह्मीचा अर्क घेऊन पाहिला. बाजारात अशा गोष्टी ‘नूट्रोपिक’, म्हणजे बुद्धी तल्लख करणारी द्रव्ये, म्हणून विकल्या जातात. १९७२ मध्ये रोमानियन शास्त्रज्ञ कॉर्नेल्यू जुर्जा यांनी हा शब्द घडवला तो पिरासेटाम या औषधासारख्या द्रव्यांसाठी, आणि अशा द्रव्याला दुष्परिणाम जवळजवळ नसावेत अशी त्यांची अट होती. त्या मापाने कॅफीन या पंक्तीत बसत नाही, पण बाजार इतका काटेकोर नसतो.

कॅफीन १०० मिलिग्रॅम आणि थिअनिन २०० मिलिग्रॅम हे माझे रोजचे प्रमाण होते. थकव्याची जाणीव करून देणारे ॲडिनोसिन मेंदूत ज्या ग्राहींना चिकटते ते कॅफीन अडवते, त्यामुळे थकवा जाणवत नाही, मात्र तो जागच्या जागी असतोच. थिअनिन सोबत घेतले की कॅफीनची धडधड कमी होते, असे मी दोन महिने भेटेल त्याला सांगत होतो. मग पत्नीने एकसारख्या दिसणाऱ्या रिकाम्या कॅप्सूल आणून निम्म्यांत दोन्ही द्रव्ये आणि निम्म्यांत कॅफीनसोबत नुसता स्टार्च भरला. कोणत्या दिवशी कोणती दिली याची नोंद तिच्याकडे राहिली. वीस दिवस मी रोज संध्याकाळी अंदाज लिहिला आणि त्यातले अकरा बरोबर आले, म्हणजे नाणे उडवले असते तरी तेवढेच आले असते. चुकांच्या संख्येतही फरक नव्हता. कॅफीनविरुद्ध नुसता स्टार्च अशी दुसरी फेरी केली तेव्हा मात्र सोळा अंदाज बरोबर ठरले आणि दुपारच्या चुका साधारण एक चतुर्थांशाने घटल्या. थिअनिनची मी केलेली तारीफ आता आठवली की जरा ओशाळायला होते.

कॅफीनचाही हिशेब सरळ नाही. त्याचे अर्धायुष्य साधारण पाच तास असते, म्हणजे दुपारी दोनला घेतलेल्यातले पाव प्रमाण मध्यरात्रीही शरीरात उरते. झोप लांबत गेली आणि दुपारी वाचवलेल्या चुका दुसऱ्या दिवशी सकाळी परत येऊ लागल्या. वेळ अकराची केल्यावर हा प्रकार थांबला.

ब्राह्मीची सुरुवातच फसली. पहिल्या बाटलीवर नुसते ‘ब्राह्मी’ लिहिले होते, आणि मंडूकपर्णी या वेगळ्या वनस्पतीलाही अनेक ठिकाणी ब्राह्मीच म्हणतात हे मला तीन आठवडे उलटल्यावर उमगले. दुसरी बाटली घेताना ‘बकोपा मोनिएरी’ हे ब्राह्मीचे शास्त्रीय नाव आणि तिच्यातल्या बॅकोसाइड या मुख्य द्रव्यांचे प्रमाण छापलेले पाहून घेतले व डॉक्टरांनाही विचारले, कारण थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर हा अर्क जपून घ्यावा लागतो. रोज ३०० मिलिग्रॅम, बारा आठवडे, कारण या वनस्पतीच्या बऱ्याच चाचण्या तेवढ्याच मुदतीच्या असतात. उपाशीपोटी घेतल्यावर मळमळ आणि पोटात मुरडा, जेवणानंतर घेतल्यावर काही नाही. निसटलेल्या चुकांची संख्या तिसऱ्या महिन्याअखेरीस होती तेवढीच राहिली. परंतु लेखकाने एखादा शब्द आधीच्या प्रकरणात कसा लिहिला आहे हे पाहण्यासाठी मी टिपणवही पूर्वीइतकी उघडत नाही असे वाटू लागले. या चाचण्यांतही एकाग्रतेपेक्षा स्मरणावर परिणाम दिसल्याचे सांगतात, त्यामुळे ते खरे असू शकेल. पण वही किती वेळा उघडली हे मी आधी मोजलेच नव्हते, आणि थिअनिनने एकदा तोंडघशी पाडल्यावर नुसत्या वाटण्यावर भरवसा ठेवायची माझी तयारी नाही.

सध्या अकरा वाजता नुसते कॅफीन चालू आहे. ब्राह्मी बंद करून पाच आठवडे झाले असून, वही उघडली की तिच्या मागच्या पानावर मी पेन्सिलीने एक रेघ मारतो.