१२० सीसीचा राक्षस की ७० सीसीचा रोजचा सॉ?

झाडतोडीच्या कामाला मोठ्यात मोठा चेनसॉ घ्यावा असं बऱ्याच जणांना वाटतं. स्टिल (Stihl) कंपनीचा एमएस ८८१ बघा, १२१.६ सीसी, ६.४ किलोवॅट, पण वजन ९.९ किलो, तेही बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी), चेन आणि पेट्रोल सोडून! त्याच कंपनीचा एमएस ४६२ म्हणजे ७२.२ सीसी, ४.४ किलोवॅट आणि साधारण ६ किलो. कागदावर फरक चार किलोचाच दिसतो पण दुपारपर्यंत कंबर बोलायला लागते.

मोठ्याची खरी मजा जाड बुंध्यात. लांब बार पूर्ण लाकडात बुडालेला असताना छोटं इंजिन दम टाकतं, हा मात्र ओढत राहतो, शिवाय लांब बारला तेलही जास्त लागतं आणि याचा ऑइल पंप ते पुरवतो. खोडाच्या फळ्या पाडायच्या असतील तर हाच घ्या, दुसरा विचार नको.

पण फांद्या छाटायला? अजिबात नाही. लांब बारचं टोक कुठे टेकलं ते कळत नाही आणि किकबॅक, म्हणजे टोक अडकून सॉ उसळून अंगावर येणं, बसला तर एवढं धूड आवरणं अवघड. झाडावर चढून तर दोन्ही नकोत, तिथे वर मूठ असलेला छोटा टॉप हँडल सॉच बरा.

आणि बुंधा बारपेक्षा जाड असला तरी दोन्ही बाजूंनी कापता येतो की, ७० वाल्याने अशी बरीच कामं निघतात, फक्त कट जुळवायचा हात हवा. माझं मत, पहिला सॉ ७० चाच, मोठा लागेल तेव्हा भाड्याने आणा.