दोनशेचा डोंगल, व्ही८ की इंटरफेस? घरच्या कॉम्प्युटरवर गाणं-वाजवणं करणाऱ्यांसाठी

कोल्हापूरच्या राजारामपुरीत कॉम्प्युटरच्या दुकानात ‘साउंड कार्ड दाखवा’ म्हटलं, तर काउंटरवर अंगठ्याएवढा यूएसबी डोंगल येईल, नाहीतर रंगीबेरंगी बटणांचा व्ही८ नावाचा डबा. वाद्यांच्या दुकानात तेच मागितलं तर ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक-वाद्यं कॉम्प्युटरला जोडायचा डबा, पुढे येईल. किंमत दोनशेपासून काही हजारांपर्यंत कितीही. तिघांनाही साउंड कार्डच म्हणतात, म्हणजे आवाज कॉम्प्युटरच्या आत-बाहेर नेणारं उपकरण, म्हणून घोळ होतो. खोक्यावरचे बिट आणि किलोहर्ट्‌झचे आकडे तूर्त बाजूला ठेवा आणि एवढंच ठरवा, की कॉम्प्युटरच्या आत जाणार काय आहे: गळा, वाजवायच्या कीबोर्डचा आवाज, की नुसते सूर.

नुसते सूर म्हणजे मिडी. मिडीच्या वायरीतून आवाज जातच नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढाच निरोप जातो. आवाज तयार करायचं काम कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर करतं. १९८३ साली ठरलेल्या या पद्धतीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आहे आणि एका सुराचा निरोप साधारण एका मिलिसेकंदात पोचतो. त्यामुळे फक्त मिडी वापरणाऱ्याला रेकॉर्डिंगचं महाग कार्ड घ्यायची गरजच नाही. कीबोर्डच्या मागे चौकोनी यूएसबी पोर्ट असेल तर प्रिंटरला लावतो ती वायर आणा, काम झालं.

जुन्या कीबोर्डवर मात्र पाच छिद्रांची दोन गोल सॉकेट असतात. त्यासाठी मिडी-यूएसबी केबल लागते. काही शे रुपयांची बिननावाची केबल आणि रोलँडची यूएम-वन, दोन्ही दिसायला सारख्याच. फरक आत असतो. मिडीच्या इनपुटवर ऑप्टोकपलर असावा लागतो, म्हणजे कीबोर्ड आणि कॉम्प्युटर विजेच्या दृष्टीने वेगळे राहतात. स्वस्त केबलींत तो पुष्कळदा गाळलेला असतो. साधं वाजवायला ती चालून जाईल. कीबोर्डमधले टोन किंवा सेटिंग कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं असेल, तर तिथे ती मार खाते. आणि स्वस्त केबल लावून काहीच वाजलं नाही तर लगेच परत करायला धावू नका. बऱ्याच केबलींवर ‘इन’ लिहिलेली पिन कीबोर्डच्या ‘आउट’मध्ये जाते. आधी उलटसुलट करून बघा.

पट्टी दाबल्यावर सूर मागाहून येतो, ही सगळ्यांची तक्रार. त्यात दोष कार्डाचा कमी आणि विंडोजच्या नेहमीच्या ऑडिओ वाटेचा जास्त. एएसआयओ४ऑल हा फुकटचा ड्रायव्हर टाका (एएसआयओ म्हणजे ती नेहमीची वाट टाळणारी पद्धत) आणि बफर, म्हणजे आवाजाचे तुकडे (सॅम्पल) क्षणभर साठवायची जागा, २५६ सॅम्पलवर आणा. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या दराने तो सहा मिलिसेकंदांच्या आत बसतो. १०२४ ठेवलात तर २३ होतात, आणि द्रुत लयीत बोटं गोंधळायला तेवढे पुरतात. बफर फार खाली नेला आणि लॅपटॉप जुना असला, तर आवाज तडतडतो. मग एक पायरी वर या. यात खर्च शून्य. नवं कार्ड घेण्याआधी हे करून बघा.

आता आवाज आत घेण्याकडे वळू. लॅपटॉपला हल्ली हेडफोन आणि माइक मिळून एकच भोक असतं. कीबोर्डच्या हेडफोन आउटची साधी स्टीरिओ पिन त्यात घातली, तर माइकचा संपर्क थेट ग्राउंडला टेकतो आणि काही म्हणजे काही रेकॉर्ड होत नाही. दोनशेच्या डोंगलला माइकचं भोक वेगळं असतं, तेवढा तो सरस. पण ते मोनो, म्हणजे एकाच बाजूचं, तेही माइकच्या काही मिलिव्होल्टसाठी बनवलेलं. कीबोर्डचा लाइन आउट (आवाज बाहेर काढायचं सॉकेट) ०.३ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून वर. म्हणजे आवाज फाटणारच. कीबोर्डचा व्हॉल्यूम चतकोरावर आणून भागवता येतं, पण मग खरखर वर येते. ऑनलाइन क्लास, मीटिंग आणि मिडीचा आवाज ऐकणं याला डोंगल उत्तम. त्यापुढे त्याच्याकडून अपेक्षा नको.

व्ही८ बद्दल जरा स्पष्ट बोलतो, कारण गणपतीच्या आधी अर्ध्या मंडळांची पोरं तेच विचारत असतात. मोबाइलवरून लाइव्ह करायला, टाळ्या-हशाची बटणं दाबायला, एको लावून निवेदन करायला नाद खुळा. पण गाणं रेकॉर्ड करायला घेऊ नका. माइक, संगीत आणि इफेक्ट सगळं एकाच स्टीरिओ वाटेने कॉम्प्युटरकडे जातं. नंतर एको काढता येत नाही, गळा वेगळा करता येत नाही. सोबत मिळणारा कंडेन्सर माइकही (वायरीतून वीज द्यावी लागते तो माइक) खऱ्या ४८ व्होल्टवर चालत नाही. त्याला त्याहून पुष्कळ कमी व्होल्टेज मिळतं आणि मागे सूं सूं ऐकू येतं.

फक्त कीबोर्डचा आवाज घ्यायचा असेल, किंवा आजोबांच्या भजनाच्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायच्या असतील, तर बेहरिंगरचा यूसीए२२२ किंवा त्याचा भाऊ यूसीए२०२ बघा. १६ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, लाल-पांढऱ्या आरसीए पिना, दोन्ही बाजूंचा लाइन इनपुट. माइक जोडताच येत नाही, ही त्याची मर्यादा आणि स्वस्ताईचं कारणही. डोंगल आणि हा, यांत पैसे घालायचे तर मी डोळे झाकून यात घालीन.

गळ्यासाठी मात्र एक्सएलआर (माइकचं तीन पिनांचं सॉकेट) हवंच, आणि कंडेन्सर माइक असेल तर ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे माइकच्या वायरीतून जाणारी वीजही. त्याच कंपनीचा यूएम२ या गटात सगळ्यात खाली. माइक एक, शेजारी गिटारचं भोक एक. रियाज, पोवाड्याचं ट्रॅकवरचं गायन, एकट्या हार्मोनियमचं रेकॉर्डिंग एवढ्याला तो पुरतो. कीबोर्ड स्टीरिओ घ्यायला गेलात तर दोन्ही इनपुट एकसारखे नाहीत, डावं-उजवं कमीजास्त होतं. यूएमसी२०२एचडीमध्ये दोन्ही माइक इनपुट सारखे, २४ बिट, आणि एएसआयओ ड्रायव्हर कंपनीचाच. इथे बिटांचा आकडा उपयोगी पडतो: तबल्याची थाप अचानक उसळते, आणि २४ बिटांत पातळी उणे १२ डेसिबलवर, म्हणजे आवाज फाटण्याच्या मर्यादेच्या बरीच खाली, ठेवून निर्धास्त वाजवता येतं. तबला आणि गळा एकाच वेळी, वेगवेगळ्या ट्रॅकवर हवा असेल तर याच्या खाली जाऊ नका.

याचाच मोठा भाऊ यूएमसी२०४एचडी, त्याच्या मागे मिडीची गोल सॉकेटंही आहेत. जुना कीबोर्ड आणि माइक दोन्ही असणाऱ्यांनी यूएमसी२०२एचडी अधिक चांगली मिडी केबल आणि यूएमसी२०४एचडी यांची बेरीज करून बघावी. फोकसराइट स्कार्लेट सोलो आणि २आय२ चांगलेच आहेत, पण त्यांना मिडी सॉकेट नाही. नावावर जाऊन घेतलं आणि घरी आल्यावर कळलं, असं नको.

जुन्या बाजारात क्रिएटिव्हचं साउंड ब्लास्टर लाइव्ह चिल्लर पैशांत मिळतं. एकेकाळी घरगुती मिडीवाल्यांचं ते लाडकं कार्ड होतं. आज त्यासाठी पीसीआय स्लॉट (कार्ड बसवायची जुन्या पद्धतीची खाच) असलेला जुना डेस्कटॉप शोधावा लागेल, आणि त्याच्या गेमपोर्टवरच्या (जॉयस्टिकच्या जुन्या सॉकेटवरच्या) मिडीला व्हिस्टापासून विंडोजचा स्वतःचा आधार नाही. लिनक्सवर उचापती करायची हौस असेल तर घ्या.

घरघर ऐकू आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. घरघर थांबली तर ती ५० हर्ट्‌झची, अर्थिंगची भानगड आहे. शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यांत तिसऱ्या पिनेला अर्थिंग नुसतं नावाला असतं. तिथे कार्ड बदलून उपयोग नाही, वायरमन बोलवा. कंडेन्सर माइक घेणाऱ्यांनी आपला पावसाळाही धरून चालावं. जुलै-ऑगस्टमध्ये ओल बसली की तो फुटाण्यासारखा तडतडतो. सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात ठेवा. एवढं सांभाळणं होणार नसेल तर डायनॅमिक माइक घ्या, त्याला फँटमही लागत नाही. मात्र आवाज बारीक येतो, म्हणून कार्डाचा गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटण) जास्त वर न्यावा लागतो.

सेकंडहँड इंटरफेस बघायला जाताना आपला लॅपटॉप, माइक आणि हेडफोन घेऊन जा. गेनचं बटण सावकाश फिरवून खरखर येते का ऐका. मागची यूएसबी वायर हलकेच हलवा; त्या धक्क्याने कार्ड स्क्रीनवरून गायब होत असेल तर सॉकेट सैल झालंय, तेवढे पैसे भावातून कमी करायला सांगा.