क्यूजीआयएस वापरून नकाशे शिकताय? मग हा रिव्ह्यू आधी वाचा

क्यूजीआयएस म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे तयार करायचं आणि त्यावरची माहिती तपासायचं (याच कामाला जीआयएस म्हणतात) सॉफ्टवेअर. त्याबद्दल मराठीत फारसं कुणी नीट लिहिलेलं दिसत नाही, जे दिसतं ते एकतर "फ्री आहे, मस्त आहे" एवढंच नाहीतर सरळ इंग्लिश मॅन्युअलचा तर्जुमा, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. भूगोलाचे, सिव्हिलचे, ॲग्रीचे विद्यार्थी, ग्रामपंचायतीच्या कामात पडलेले लोक, गडकिल्ल्यांचे नकाशे करू पाहणारे ट्रेकर, ज्यांना ज्यांना जीआयएस शिकायचंय त्यांच्यासाठी.

आधी निकाल सांगून टाकतो. शिकण्यासाठी यापेक्षा चांगलं सॉफ्टवेअर मला माहीत नाही. पण हे सॉफ्टवेअर तुमचा नकाशा चुकला हे सांगत नाही. ते तुम्हाला स्वतःलाच ओळखावं लागतं आणि ओळखता तेव्हाच येतं जेव्हा नकाशातली जमीन तुमच्या पायाखालची असते. म्हणून पहिल्या दिवसापासून आपल्याच जिल्ह्यावर काम करा, हे मी पुढे परत परत म्हणणार आहे.

2002 मध्ये गॅरी शेरमन यांनी हे सुरू केलं, तेव्हा नाव क्वांटम जीआयएस होतं, आता नुसतं क्यूजीआयएस. ओपन सोर्स आहे, लायसन्सचा एक रुपया लागत नाही, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. कॉलेजच्या लॅबमधलं महागडं पेड सॉफ्टवेअर कोर्स संपला की हातातून जातं, हे मात्र तुमच्या लॅपटॉपवर कायम राहतं, आणि तालुक्याच्या गावातल्या पोराला जे मिळतं तेच मोठ्या कन्सल्टन्सीतल्या माणसालाही मिळतं, यात फरक नाही, मला ही गोष्ट फार मोठी वाटते. डाउनलोड करताना एलटीआर म्हणजे लाँग टर्म रिलीज घ्या. नवीन व्हर्जन दर चार महिन्यांनी येतं, त्यात फीचर जास्त असतात पण प्लगइन (वरून जोडायची छोटी साधनं) लिहिणारे बरेचसे लोक स्वतःच्या वेळेतून काम करतात, सगळी प्लगइन लगेच जुळत नाहीत, शिकणाऱ्याने त्या भानगडीत पडू नये. फाईल एक जीबीच्या पुढे आहे, मोबाईल डेटावर असाल तर रात्री लावून ठेवा. रॅम 8 जीबी असेल तर आरामात चालतं, 4 जीबीवर चालतं पण मोठी सॅटेलाईट इमेज टाकली की बसून राहावं लागतं, तेव्हा आधी आपल्या तालुक्यापुरती क्लिप करून (कापून) घ्यायची.

शिकायचं कुठून? क्यूजीआयएसचं स्वतःचं ट्रेनिंग मॅन्युअल फुकट आहे आणि खरंच चांगलं लिहिलंय. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्येही याची मालिका आहे, आणि डेहराडूनच्या आयआयआरएसचे म्हणजे इस्रोच्या संस्थेचे ऑनलाईन कोर्स आहेत, ते रिमोट सेन्सिंगचा (उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचण्याचा) पाया पक्का करतात. पण ट्रेनिंग मॅन्युअलमधला सराव आहे दक्षिण आफ्रिकेतल्या स्वेलेंडम नावाच्या गावाभोवतीचा. स्टेप सगळ्या बरोबर येतात, शेवटी नकाशा तयार होतो, आणि तो बरोबर आहे की चूक हे आपल्याला कळायचा काही मार्गच नाही, कारण स्वेलेंडमची नदी कुठून कुठे वाहते हे आपल्याला कुठे माहितीये. म्हणून मॅन्युअलचा प्रत्येक धडा झाला की तोच धडा लगेच आपल्या तालुक्याच्या डेटावर परत करायचा.

उदाहरण देतो, म्हणजे पटेल. सगळ्यात पहिला नकाशा सगळे करतात तो जिल्हावार लोकसंख्येचा. जिल्ह्यांच्या सीमांची फाईल घेतली, 2011 च्या जनगणनेचं टेबल घेतलं, जॉईन लावला, म्हणजे टेबलातले आकडे त्या त्या जिल्ह्याला जोडले. आता बघा काय होतं. 2011 ला महाराष्ट्रात 35 जिल्हे होते, पालघर झाला 1 ऑगस्ट 2014 ला, ठाण्यातून. तुमची सीमांची फाईल नवीन असेल तर पालघर कोरा राहतो आणि ठाण्याला जुन्या अख्ख्या ठाण्याचा आकडा बसतो, एक कोटी दहा लाखांच्या वर, तोही आता लहान झालेल्या ठाण्यावर. सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. हे ज्याला पालघर माहितीये त्यालाच खटकणार. उपाय असा की तालुक्यांचे आकडे घेऊन नव्या जिल्ह्यांत बेरीज करायची. मग नावांचा गोंधळ आहेच. जनगणनेच्या टेबलात रायगडचं स्पेलिंग रायगढसारखं, बीडचं बिड, गोंदियाचं वेगळंच, आणि आता अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव ही नवी नावं काही फायलींत आहेत काहींत नाहीत, त्यामुळे नावावर जॉईन लावला की पाचसात जिल्हे गळतातच. जॉईन कायम कोडवर लावा, नावावर नको. या एका नकाशात डेटाबद्दल जेवढं शिकायला मिळतं तेवढं कुठल्याही व्हिडिओत मिळत नाही.

दुसरं म्हणजे प्रोजेक्शन, गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत. क्यूजीआयएसमध्ये ती सीआरएस या नावाखाली निवडायची असते आणि प्रत्येक सीआरएसला एक नंबर, म्हणजे कोड असतो. क्लासमध्ये बऱ्याचदा सांगतात "4326 ठेवा" आणि पुढे जातात. 4326 म्हणजे अक्षांश रेखांश, युनिट अंश. त्यावर 500 चा बफर (एखाद्या जागेभोवती ठरावीक अंतराचा पट्टा) काढला तर तो 500 अंशांचा बफर होतो, 500 मीटरचा नाही (इथे क्यूजीआयएस एक पिवळा त्रिकोण दाखवतं, तो बघायची सवय लावा). मग मीटरसाठी यूटीएम वापरा म्हणतात, ज्यात पृथ्वीचे उभे पट्टे म्हणजे झोन पाडलेले असतात, आणि इथे महाराष्ट्राची खरी गंमत आहे, झोनची सीमा 78 अंश रेखांशावर आहे आणि ती रेषा आपल्या राज्यातूनच जाते. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर सगळे 43 उत्तर झोनमध्ये, कोड 32643, आणि नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली 44 मध्ये, कोड 32644. यवतमाळ जिल्हा तर दोन्हीत विभागला जातो. विदर्भातल्या मित्राने पुण्याच्या ट्युटोरियलमधला कोड जसाच्या तसा उचलू नये तो यासाठी. अख्ख्या राज्याचा नकाशा करायचा असेल तर सीआरएसच्या सर्चमध्ये 7767 टाका, महाराष्ट्रासाठी वेगळं प्रोजेक्शन तयार आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

क्षेत्रफळाचंही तसंच. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये (टेबलात हिशेब करायचं साधन) डॉलर एरिया म्हणजे $area वेगळा आणि नुसतं एरिया फंक्शन वेगळं. डॉलरवालं पृथ्वीची गोलाई धरून मोजतं, नुसतं फंक्शन लेयरचं (नकाशातल्या त्या थराचं) प्रोजेक्शन जे असेल त्यात सपाट मोजतं. ऑनलाईन बेसमॅप ज्या 3857 मध्ये असतात त्यात कुणी शेताची हद्द काढली आणि सपाट मोजलं तर पुण्याच्या अक्षांशावर क्षेत्रफळ साधारण 11 ते 12 टक्के जास्त येतं. शंभर एकराचे एकशे अकराच्या वर. शेतजमिनीच्या बाबतीत हे किती गंभीर आहे हे मी वेगळं सांगायला नको.

आता डिझाईन. माझ्या मते क्यूजीआयएसची खरी ताकद इथे आहे आणि शिकवलं सगळ्यात कमी इथेच जातं. लोकसंख्येच्या घनतेचा नकाशा घ्या, 2011 चे आकडे, दर चौरस किलोमीटरला किती माणसं. मुंबईचे दोन जिल्हे 20 हजारांच्या आसपास, ठाणे 1157, पुणे 603, गडचिरोली 74. यावर इक्वल इंटरव्हलने (सारख्या अंतराने) पाच वर्ग पाडले तर मुंबई शहर आणि उपनगर सगळ्यात गडद, बाकीचे 33 जिल्हे एकाच फिक्या रंगात, मधले तीन रंग वाया. तांत्रिकदृष्ट्या नकाशा बरोबर आहे पण सांगत काहीच नाही. क्वांटाईल (प्रत्येक वर्गात सारखे जिल्हे) किंवा नॅचरल ब्रेक्स (आकड्यांत जिथे मोठी दरी आहे तिथे सीमा) लावून बघा, नाहीतर वर्गांच्या सीमा स्वतः हाताने ठरवा, आणि मुंबई छोट्या इन्सेटमध्ये (कोपऱ्यातल्या चौकटीत) वेगळी दाखवा कारण राज्याच्या नकाशावर ती दिसतच नाही. रंगांसाठी कलरब्रूअरच्या (खास नकाशांसाठी निवडलेल्या) रंगमाला आतच दिलेल्या आहेत, त्या डोळे झाकून वापरा, लाल हिरवा पिवळा असा सिग्नल करू नका. व्ह्यू मेनूत प्रिव्ह्यू मोड आहे, त्यात रंगांधळ्या माणसाला आपला नकाशा कसा दिसेल ते लगेच दिसतं. एवढं सुंदर फीचर आणि कोणी वापरत नाही.

मराठी लेबलांबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय. देवनागरी चालते का, तर हो, चांगली चालते, जोडाक्षरं नीट येतात. पण शेपफाईलमध्ये (नकाशाचा डेटा साठवायची एक फाईल) मराठी ठेवू नका. तो जुना फॉरमॅट आहे, कॉलमच्या नावाला फक्त 10 बाईट देतो आणि युनिकोडमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाईट खातं, म्हणजे "लोकसंख्या" नावाच्या कॉलमचं फारतर "लोक" उरतं. आतला मजकूरही 254 बाईटला तुटतो. त्याऐवजी जिओपॅकेज हा नवा फॉरमॅट वापरा, एकच फाईल, सगळं युनिकोड, कटकट संपली. सरकारी टेबलं जुन्या फॉन्टमध्ये असतील, म्हणजे श्रीलिपी किंवा आयएसएमवाल्या, तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर नकाशावर इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो.

आणि आता डिझाईनचं. नकाशाच्या सगळ्या इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सांगतात की डोंगररांगेचं नाव अक्षरं लांब लांब टाकून पसरवा म्हणजे रांग केवढी आहे ते कळतं. रोमन लिपीत हे छान दिसतं. देवनागरीत लेटर स्पेसिंग वाढवलं की शिरोरेषा तुटते, "सह्याद्री"चे तुकडे होतात आणि वाचणारा अडखळतो. आपल्याकडे पसरवायला दुसरे मार्ग शोधावे लागतात: अक्षराचा आकार वाढवा, रंग फिका करा, किंवा तेच नाव रांगेवर दोन ठिकाणी द्या. नदीचं नाव वळणावर बसवायचं असेल तर एक्सपोर्ट केल्यावर झूम करून वेलांट्या आणि रफार जागेवर आहेत का ते बघा, वळण फार असेल तर नाव सरळ पट्ट्यात टाका. फॉन्टला मुंबईच्या 'एक टाईप' (Ek Type) या फॉन्ट बनवणाऱ्यांचा मुक्ता घ्या, फुकट आहे, लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो आणि त्यात वजनं भरपूर आहेत, गावाला हलकं, तालुक्याला मध्यम, जिल्ह्याला ठळक असं एकाच फॉन्टमध्ये भागतं. ज्यांना आपल्या मराठी वळणाचा ल आणि श हवा त्यांनी तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट बघावा, ऐतिहासिक नकाशाला तो फारच शोभतो. पीडीएफ काढताना मजकूर पाथ म्हणून (अक्षरांचे नुसते आकार करून) एक्सपोर्ट करा, नाहीतर छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की अक्षरं फुटतात.

ट्रेकर मंडळींसाठी हिलशेड, म्हणजे उजेड-सावलीने डोंगर उठून दाखवणारा नकाशा. 2000 साली स्पेस शटलने केलेल्या एसआरटीएम मोजणीचा 30 मीटरचा उंचीचा डेटा फुकट मिळतो, त्यावर सह्याद्री उठून दिसतो. तो डेटा अंशात असतो आणि उंची मीटरमध्ये, म्हणून आधी 32643 मध्ये बदला, नाहीतर सावल्या काळ्याकुट्ट येतात. प्रकाश वायव्येकडून ठेवायची पद्धत आहे, कारण तो खालून म्हणजे दक्षिणेकडून टाकला तर डोळ्याला दऱ्या डोंगर आणि डोंगर दऱ्या वाटायला लागतात. पण सह्याद्रीची अडचण अशी की आपले खरे कडे कोकणाकडे तोंड करून आहेत, पश्चिमेला, त्यामुळे वायव्येचा प्रकाश थेट त्यांच्यावरच पडतो आणि ते पांढरे फटक होतात, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा असा धुऊन गेलेला बघवत नाही. मल्टिडायरेक्शनल हिलशेडवर टिक करा, चार दिशांचा प्रकाश मिळून कडे परत उभे राहतात. मग खाली उंचीचे रंग आणि वर हिलशेड मल्टिप्लाय मोडमध्ये (सावली रंगात मिसळते), की झालं.

प्रिंट लेआउट मात्र सुरुवातीला डोकं फिरवतो. लेजंड (खुणा आणि रंगांची सूची) आपोआप बदलत राहतो, काय कुठे दडलंय सापडत नाही, वेळ द्यावा लागतो. पण त्यातलं ॲटलस शिकलात की सगळं वसूल, एकच डिझाईन करायचं आणि 36 जिल्ह्यांची 36 पानं, प्रत्येकाचं शीर्षक, स्केल, छोटा इन्सेट सगळं आपोआप. पंचायत समितीत गावनिहाय नकाशे हाताने करत बसलेल्या माणसाला हे दाखवलंत तर तो तुम्हाला चहा पाजेल.

नकाशा बाहेर द्यायच्या आधी दोन गोष्टी. ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाचा) डेटा वापरला असेल तर कोपऱ्यात त्यांचं नाव द्यायचंच, लायसन्सची अट आहे. आणि भारताची बाह्य सीमा परदेशी साईटवरून घेतलेल्या फाईलची कधीही ठेवू नका, जम्मू काश्मीर आणि अरुणाचल त्यात वेगळे दिसतात, सर्व्हे ऑफ इंडियाच्या सीमेशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरून अधिकृत सीमा घ्या. 2021 च्या फेब्रुवारीत सरकारने नकाशा डेटाचे नियम बरेच मोकळे केले पण सीमेची ही अट तशीच आहे.

पैसे देऊन क्लास लावावा का असं बरेच जण विचारतात. समोर बसून शंका विचारायला माणूस हवा असेल तर जरूर लावा, पण आधी विचारा की शेवटचा प्रोजेक्ट कुठल्या भागाचा असतो, आणि तुमच्या तालुक्याचा करू देतात का. नाही म्हणाले तर पैसे वाचवा. आणि नोकरीच्या जाहिरातीत आर्कजीआयएस (जीआयएसचं पेड सॉफ्टवेअर) लिहिलेलं बघून घाबरू नका, जॉईन, प्रोजेक्शन, बफर, वर्गीकरण या गोष्टी तिथेही त्याच आहेत, बटणांच्या जागा तेवढ्या बदलतात आणि त्या आठवड्याभरात हाताला बसतात.